दोन हत्ती, एक बिडी आणि दुकानाचे नाव

पुण्याच्या जुन्या पेठांतून हिंडताना ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही पाटी दिसली की परगावच्या माणसाला हसू येते. पुणेरी पाट्यांच्या विनोदी संग्रहांत तिला हटकून जागा मिळते. दुकानदाराचा तोरा, गिऱ्हाइकाला न विचारण्याचा बाणा, असे काय काय तिच्यात शोधले जाते. मला ही पाटी कधीच विनोदी वाटली नाही. वकील न लावता दिलेली ती नोटीस आहे. कुणीतरी कुठल्यातरी चौकात आपल्याच नावाची पाटी लावून बसला आहे किंवा उद्या बसेल, ही धास्ती तिच्यामागे असते. ‘जुने व प्रसिद्ध’, ‘मूळ दुकान’, ‘हेच ते’ या पाट्यांचेही तेच. नावावरून काही घडल्याशिवाय कुणी स्वतःला ‘मूळ’ म्हणवून घेत नाही.

जुन्या मासिकांतल्या जाहिराती वाचण्याचा मला तीसेक वर्षांचा नाद आहे. मजकूर पुष्कळ जण वाचतात. मी मागची पाने आधी उघडतो. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि एक परंपरा सुरू झाली. तिच्या पाठीशी लेखकांइतकाच जाहिरातदारही उभा राहिला आहे. केसांची तेले, अत्तरे, पौष्टिक गोळ्या, छत्र्या, शाई, कंदील. या पानांवर एक सूर पुन्हा पुन्हा कानी येतो : नकली मालापासून सावध राहा, आमचा छाप पाहून घ्या. वाचता वाचता मला प्रश्न पडला, की या माणसाचे नाव खरोखरच चोरीला गेले तर त्या काळी तो करत काय असेल? कायद्याचे माझे शिक्षण नाही. पण ग्रंथालयात बसून जुने निकालसंग्रह वाचायला पदवी विचारत नाहीत, आणि त्यांतल्या गोष्टी कादंबऱ्यांपेक्षा रंजक असतात, हे मला तिथेच कळले.

तर उत्तर असे, की फार काही करता येत नसे. इंग्लंडात १८७५ साली व्यापारचिन्हे नोंदवण्याचा कायदा झाला आणि १ जानेवारी १८७६ पासून नोंदवही उघडली. हिंदुस्थानात तशी वही यायला १९४० साल उजाडावे लागले. तोवर दंडसंहितेत खोट्या चिन्हांबद्दल कलमे होती, १८८९ चा मालावरील खुणांचा कायदा होता. म्हणजे नक्कल हा गुन्हा होता, पण ‘हे नाव माझे’ असे सरकारदरबारी लिहून ठेवण्याची सोय नव्हती. व्यापाऱ्यांनी त्यातून एक आडवाट काढली. आपल्या छापाचे मालकीपत्र दस्तनोंदणीच्या कचेरीत नोंदवायचे आणि वर्तमानपत्रात जाहीर खबर द्यायची. जुन्या अंकांतली ती धमकीवजा निवेदने या आडवाटेवरची आहेत. आणि कुणी नक्कल केलीच, तर दिवाणी दावा लावायचा, की हा माणूस स्वतःचा माल माझा म्हणून खपवतो आहे. इंग्रजी कायद्यात याला ‘पासिंग ऑफ’ म्हणतात. तो दावा आजही आहे, नोंदणीचा कायदा आल्यावरही शाबूत आहे, आणि लहान दुकानदाराचे खरे शस्त्र तोच आहे.

या शस्त्राला धार लागली ती एका मोठ्या खटल्यात. तो चालला लंडनमध्ये, पण त्याचे नायक होते मुंबईचे गिऱ्हाईक.

स्कॉटलंडची ऑर-यूइंग नावाची कंपनी टर्की रेड या पक्क्या लाल रंगाचे सूत मुंबई आणि एडनच्या बाजारात पाठवत असे. गठ्ठ्यावर रंगीत तिकीट चिकटवलेले असे आणि त्या तिकिटावर दोन हत्ती. पुढे जॉन्स्टन नावाच्या दुसऱ्या व्यापाऱ्यानेही त्याच बाजारात आपले सूत दोन हत्तींच्या तिकिटाखाली पाठवायला सुरुवात केली. दोन्ही तिकिटे शेजारी ठेवली तर फरक कुणालाही दिसला असता. शिवाय तिकिटांवर आपापल्या कंपनीची नावे इंग्रजीत छापलेली. फसवणूक कसली, असा जॉन्स्टनचा सवाल होता. पण मुंबईच्या बाजारात सूत घेणाऱ्याला इंग्रजी नावाशी काय देणेघेणे? तो दुकानात जाऊन ‘बे हाथी’ मागायचा. बे म्हणजे दोन. आपल्या पाढ्यांत ‘बे एके बे’ म्हणताना हाच बे येतो. हाऊस ऑफ लॉर्ड्सने १८८२ साली निकाल दिला तो ऑर-यूइंगच्या बाजूने. माल बाजारात ज्या नावाने मागितला जातो तेच त्याचे नाव, आणि ते नाव दुसऱ्याच्या मालाला चिकटेल असे चित्र लावणे हीच फसवणूक.

लंडनच्या न्यायाधीशांना मुंबईच्या गिऱ्हाइकाचा फार कळवळा होता असे मानायचे कारण नाही. त्यांना स्कॉटिश कारखानदाराची पेठ राखायची होती. तरीही घडले ते विलक्षण आहे. मालकाने तिकिटावर स्वतःचे नाव छापले होते, ते कुणी वाचलेच नाही. नाव ठेवले बाजाराने. ज्याला कंपनीचे नाव वाचता येत नव्हते त्याच्या तोंडातले दोन शब्द साम्राज्याच्या सर्वोच्च न्यायासनापुढे पुरावा म्हणून उभे राहिले. या देशात नावांचा जो कायदा पुढे वाढला त्याच्या मुळाशी मला हे दोन हत्ती दिसतात. नाव मालकाच्या कागदावर राहत नाही. ते गिऱ्हाइकाच्या कानात आणि जिभेवर राहते.

स्वातंत्र्यानंतर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हाच धागा पुढे नेला. ‘अमृतधारा’ हे औषध विसाव्या शतकाच्या आरंभापासून विकले जात होते. ‘लक्ष्मणधारा’ १९२३ च्या सुमारास आले. नोंदणीवरून वाद झाला आणि अलाहाबाद उच्च न्यायालयाने म्हटले की अमृताची धारा वेगळी आणि लक्ष्मणाची धारा वेगळी, गोंधळ कसा होईल? १९६२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाला हे पटले नाही. साधा माणूस औषध घेताना शब्दांची फोड करून व्युत्पत्ती पाहत नाही. त्याच्या डोक्यात नावाची एक ढोबळ चाल असते, तीही अर्धवट आठवणारी. या दोन नावांची चाल एकच. (लक्ष्मणधारेवाल्याला अखेरीस उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली, कारण समोरच्याने इतकी वर्षे डोळेझाक केली होती. उशिरा जागे होणाऱ्यांनी हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.) तपकिरीच्या एका खटल्यात ‘अंबाळ’ आणि ‘आंडाळ’ समोरासमोर आल्या. एक देवी, दुसरी वैष्णव संत कवयित्री. तमिळ भाविकाला दोघींतला फरक सांगावा लागत नाही. पण तपकीर ओढणारा प्रत्येक जण भाविक नसतो, तमिळही नसतो. त्याच्या कानाला दोन्ही नावे एकच. न्यायालयाने कान मानला. मुंबईतून गेलेल्या एका खटल्यात ‘ग्लुकोविटा’पुढे ‘ग्लुविटा’ बिस्किटेही याच कसोटीवर अडली. निकाल १९५९ चा.

भाषेवर प्रेम करणाऱ्यांना हे थोडे खुपते. आपल्याला नाव अर्थाने निवडायची सवय. बारशाला पुस्तक उघडतो, अर्थ पाहतो, संस्कृत धातूपर्यंत जातो. दुकानाच्या बारशाला अर्थ दुय्यम आहे.

बरे, अर्थ चांगला म्हणून निवडलेले नाव कायद्याच्या दृष्टीने बहुधा दुबळेच निघते. मालाचे वर्णन किंवा स्तुती करणारा शब्द एकाच्या मालकीचा होत नाही, कारण तो सगळ्यांना लागतो. ‘रसोई’ हे नाव वनस्पती तुपाला हवे होते. १९५५ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने नाकारले, कारण ते स्वयंपाकाकडेच बोट दाखवते. ‘सिमला’ नावाच्या सिगारेटचा अर्ज त्याच न्यायालयाने १९७७ साली फेटाळला. गाव कुणा एकाचे नसते. २०१५ साली ‘रामायण’ या नावावर उदबत्तीसाठी हक्क मागणाऱ्याला सर्वोच्च न्यायालयाने तसा हक्क सांगता येणार नाही असे सांगितले. म्हणजे ‘स्वाद’, ‘रुची’, ‘कोकण’, ‘गणेश’, ‘गृहिणी’ यांतून नाव निवडणारा माणूस सुरुवातीलाच सार्वजनिक विहिरीवर घागर लावून बसतो. पाणी मिळते, विहीर मिळत नाही.

आडनावाचे काय? आपल्याकडे आडनाव हीच पेढी. बेडेकर, ओगले, किर्लोस्कर. स्वतःच्या नावाने प्रामाणिकपणे धंदा करायला कायदा आडवा येत नाही, तशी स्पष्ट तरतूद आहे. पण ‘प्रामाणिकपणे’ या शब्दावर सगळे अवलंबून असते. ‘किर्लोस्कर’ नावावरून १९९५ साली मुंबई उच्च न्यायालयात गाजलेला निकाल झाला, आणि ‘महेंद्र अँड महेंद्र’ नाव घेणाऱ्या कागदाच्या गिरणीला ‘महिंद्र’वाल्यांनी घातलेली अडकाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली. जीप कुठे, कागद कुठे! तरीही टिकली.

या बाबतीत आपले जुने मराठी उद्योजक हुशार होते. गिरगावात १९३१ साली दांडेकर बंधूंनी शाईचा धंदा काढला तेव्हा पहिली शाई ‘हॉर्स ब्रँड’ होती. घोडाछाप, हत्तीछाप, सिंहछाप यांचा तो काळ. पुढे त्यांनी उंट घेतला. शाईशी उंटाचा काही संबंध नाही, आणि नेमके तेच त्याचे बळ. त्या ‘कॅमल’ला ‘इंक’ जोडून ‘कॅमलिन’ झाले. कुठल्याच शब्दकोशात नसलेला शब्द. पेंढरकरांच्या विष्णु इंडस्ट्रियल केमिकल कंपनीच्या इंग्रजी आद्याक्षरांतून ‘विको’ निघाले, तेही तसेच. ओगल्यांनी कंदिलाला ‘प्रभाकर’ म्हटले. तिथे अर्थ आहे, पण वाकडी वाट करून येतो : सूर्य रात्री आणून टांगला. कंदिलाला ‘प्रकाश’ म्हटले असते तर ते वर्णन झाले असते. बिस्किटवाल्या चौहानांनी विलेपार्ल्यातले ‘पार्ले’ घेतले. गावाचे नाव खरे म्हणजे दुबळे, पण इतकी वर्षे इतक्या चहांत बुडाले, की देशात बहुतेकांना ते गाव आहे हेच ठाऊक नाही.

आता बिडी. नावाच्या इतिहासात महाराष्ट्राला याहून बोलके उदाहरण मला सापडलेले नाही. पुण्याच्या साबळे वाघिरे कंपनीची बिडी छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाने आणि चित्राने विकली जाई. १९५० साली बोधचिन्हे व नावे यांच्या गैरवापराला आळा घालणारा एक केंद्रीय कायदा झाला होता. त्याच्या परिशिष्टात धंद्यासाठी वापरायची नाहीत अशा नावांची यादी आहे. १९६८ मध्ये त्या यादीत शिवाजी महाराजांचे नाव आणि चित्र आले. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. वर्षानुवर्षे पैसा ओतून कमावलेले नाव सरकार एका अधिसूचनेने कसे काढून घेते, हा तिचा प्रश्न अगदीच बिनबुडाचा म्हणता येणार नाही. १९७५ साली निकाल सरकारच्या बाजूने लागला. तीच बिडी पुढे संभाजी महाराजांच्या नावाने ओळखली गेली. ते नाव कायद्याच्या यादीत नव्हते. पण लोकांच्या मनात एक यादी असते आणि ती अधिसूचनेची वाट पाहत नाही. २०२० साली नाव बदलण्याची मागणी जोरात झाली आणि कंपनीने बिडीला ‘साबळे बिडी’ म्हटले. दोन छत्रपतींच्या नावांनंतर धंदा अखेर आपल्या आडनावावर आला.

त्या परिशिष्टात एक गमतीचा अपवाद आहे. ही चित्रे दिनदर्शिकेवर वापरता येतात, मात्र तिथे फक्त छापणाऱ्याचे आणि काढणाऱ्याचे नाव हवे, मालाची जाहिरात नको. भिंतीवरच्या कॅलेंडरांनी आपल्याकडे देव आणि राष्ट्रपुरुष घरोघर नेले. कायदा करणाऱ्यालाही त्या भिंतीला हात लावावासा वाटला नाही, असा मी त्याचा अर्थ लावतो. २०२२ साली महाराष्ट्रानेही दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती करून, मद्य मिळते अशा ठिकाणांना महापुरुषांची, थोर स्त्रियांची किंवा गडकिल्ल्यांची नावे देण्यास मनाई केली. त्याच दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरी मराठी पाटी बंधनकारक झाली, आणि तिची अक्षरे दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत असे ठरले. त्यावर कोर्टकज्जे झाले. नव्या दुकानदाराला माझे सांगणे एवढेच, की नाव निवडताना ते आधी देवनागरीत लिहून पाहावे. इंग्रजी अक्षरांत ऐटबाज दिसणारी पुष्कळ नावे देवनागरीत उतरली की केविलवाणी होतात.

लहान धंद्यांचे म्हणून जे खटले मी वाचले त्यांतले दोन मनात घर करून आहेत.

पहिला अहमदाबादचा. एका गृहस्थाने तिथे ‘मुक्ताजीवन कलर लॅब अँड स्टुडिओ’ चालवून नाव कमावले. १९८२ पासूनचे ते नाव. पुढे दुसऱ्यांनी त्याच नावाने त्याच शहरात तोच धंदा मांडायचा घाट घातला. इथे वाचकाच्या मनात येईल, की त्याने नाव नोंदवले का नव्हते? कारण नोंदवताच आले नसते. १९४० च्या आणि नंतर १९५८ च्या कायद्यात चिन्हाची नोंद मालासाठी होत असे, सेवेसाठी नाही. तेलाच्या बाटलीला नाव मिळे. फोटो धुऊन देणाऱ्याला, शिंप्याला, खाणावळवालीला, केशकर्तनालयाला मिळत नसे. ही मुभा १९९९ च्या कायद्याने दिली आणि तो अमलात आला १५ सप्टेंबर २००३ रोजी. म्हणजे आपल्याकडच्या जुन्या खानावळींनी आणि फोटो स्टुडिओंनी आयुष्याचा मोठा काळ नोंदणीच्या छत्राविना काढला. ‘आमची कोठेही शाखा नाही’ लिहिण्यावाचून त्यांच्या हातात होते काय? मुक्ताजीवनवाल्याला खालच्या दोन्ही न्यायालयांनी मनाई हुकूम नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००१ मध्ये तो दिला, तोही ‘पासिंग ऑफ’च्या त्याच जुन्या आधारावर.

दुसरा खटला तिरुनेलवेलीच्या हलव्याचा. नेल्लैअप्पर देवळाजवळ एक मिठाईचे दुकान, आत उजेड जेमतेम. लोक त्याला ‘इरुट्टुकडै’ म्हणू लागले. इरुट्टु म्हणजे अंधार, कडै म्हणजे दुकान. अंधारे दुकान! कुठला मालक स्वतःहून असे नाव ठेवील? पण हलव्याची कीर्ती त्याच नावाने पसरली आणि मग दुसऱ्या एकाने पुढे गावाचे नाव लावून तेच नाव नोंदवून घेतले. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सांगितले, की नोंदणीचा कागद हातात असला तरी आधीपासून प्रामाणिकपणे नाव वापरणाऱ्याचा हक्क वरचढ. बे हाथीनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी पुन्हा तेच : गिऱ्हाइकाने ठेवलेले नाव.

आधीच्या वापराचे हे बळ पुण्यालाही परिचयाचे आहे. १९९२ पासून चालणाऱ्या एका उपाहारगृहावर ‘बर्गर किंग’ या नावाबद्दल अमेरिकी कंपनीने २०११ साली दावा लावला. २०२४ साली पुण्याच्या न्यायालयाने तो फेटाळला, कारण अमेरिकी कंपनी भारतात आली ती पुष्कळ नंतर. प्रकरण अपिलात गेले आणि अंतरिम हुकमांचा झोका मुंबईच्या उच्च न्यायालयापासून दिल्लीपर्यंत गेला. हक्क भक्कम असला तरी तो सिद्ध करायला माणसाचे अर्धे आयुष्य जाऊ शकते, हे त्यातून दिसते. जुनी बिले, पहिल्या दिवसाचा फोटो, छापखान्याची पावती, जत्रेतल्या स्टॉलचे पत्रक, हे सगळे तारखेसकट जपून ठेवावे असे मी प्रत्येकाला सांगतो ते त्यासाठी. न्यायालयात आठवण चालत नाही, पावती चालते.

हे सारे वाचन नुसते वाचनच राहिले असते. पण आमच्या गल्लीतल्या एक वहिनी भाजणी, मेतकूट, पापड आणि लोणची करून विकतात. चार-पाच वर्षांत धंदा घराबाहेर गेला, दोन बायका हाताखाली आल्या. भिशीचे पैसे घालून त्यांनी दोन हजार रंगीत पाकिटे छापून घेतली आणि महिन्याभरात दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका मसालेवाल्याची वकिली नोटीस आली. नाव काय होते ते सांगत नाही. सांगण्याजोगे वेगळे नव्हतेच. अन्नपूर्णेच्या शंभर नावांतले एक. नोटीस घेऊन त्या माझ्याकडे आल्या तेव्हा रडवेल्या झाल्या होत्या.

“भाऊ, माझ्याकडे तीन-तीन सर्टिफिकिटं आहेत हो. गुमास्ता आहे, अन्न परवाना आहे, उद्यमची नोंद आहे. सगळ्यांवर हेच नाव छापलंय. मग नाव माझं नाही?”

नव्हते. गुमास्ता सांगतो की इथे दुकान आहे. अन्न परवाना सांगतो की इथे खाद्यपदार्थ होतात. उद्यम सांगते की धंदा लहान आहे. कंपनी काढली असती आणि कंपनी निबंधकाने नाव मंजूर केले असते, तरी त्याने व्यापारचिन्हाचा हक्क आला नसता. उलट दुसऱ्याच्या नोंदलेल्या चिन्हाशी जुळते म्हणून कंपनीचे नाव बदलायचा हुकूम होऊ शकतो. या चार कागदांपैकी कुठलाच ‘हे नाव दुसऱ्याचे आहे का’ हा प्रश्न पुरतेपणी विचारत नाही, आणि कागद देणारा कारकूनही तसे सांगत नाही. दोष वहिनींचा कसा म्हणायचा? सरकारी शिक्क्याखाली नाव छापून मिळाले की ते आपले, असेच कुणालाही वाटेल.

आम्ही दोन रविवार संगणकापुढे बसलो. व्यापारचिन्ह नोंदणीचे मुख्य कार्यालय मुंबईतच आहे, अँटॉप हिलला बौद्धिक संपदा भवनात. पण शोध घरबसल्या आणि फुकट घेता येतो. माल आणि सेवा मिळून ४५ वर्ग आहेत. पापड, मसाले, पिठे तिसाव्या वर्गात. लोणच्याचा काही भाग एकोणतिसाव्यात. उद्या खाणावळ काढली तर त्रेचाळिसावा. शेजारचे वर्गही पाहावे लागतात, कारण गिऱ्हाईक वर्ग पाहून भाजणी घेत नाही. वहिनींचे जुने नाव टाकले तर पाने भरून नोंदी आल्या, आणि त्यांतली कित्येक एकमेकांशेजारी कशी नांदत आहेत हे त्या नोंदवहीलाच ठाऊक.

त्या शोधात एक खिडकी उच्चारावरून शोधायची आहे. मला ती पाहून मनापासून आनंद झाला. बे हाथी तिथेही येऊन बसले आहेत. नव्या नावांची यादी आम्ही एकेक करून तिच्यातून काढली. ‘व’ला व्ही आणि डब्ल्यू दोन्ही घालून, ऱ्हस्वदीर्घ उलटसुलट करून, शेवटचा ‘अ’ ठेवून आणि गाळून. मराठी नाव इंग्रजी अक्षरांत चार तऱ्हांनी लिहिता येते आणि चारही तऱ्हा पाहाव्या लागतात. वहिनींच्या मुलाला तो उद्योग किचकट वाटला. त्याला टीव्हीवरच्या एका गाजलेल्या नावात एक अक्षर बदलून हवे होते. “लोकांना ओळखीचं वाटेल,” तो म्हणाला. ओळखीचे वाटेल म्हणूनच ते घ्यायचे नाही, हे त्याला पटवायला मला अमृतधारा आणि लक्ष्मणधारा दोन्ही वाहवाव्या लागल्या.

कागदावर तीन नावे उरली तेव्हा मी एक घरगुती कसोटी लावली. ती कुठल्या पुस्तकात नाही. ऐकायला कमी येणाऱ्या माझ्या मावशीला फोन लावला आणि प्रत्येक नाव एकदाच सांगून, तासाभराने ते तिच्याकडून परत मागितले. एक नाव तिने बाजारातल्या दुसऱ्याच पिठाचे करून सांगितले, ते बाद. एक तिला आठवलेच नाही. तिसरे तिने जवळजवळ बरोबर सांगितले आणि विचारले, “हे काय असतं गं बाई?” हे नाव वहिनींच्या आजोळच्या घराण्यातले, आता कुणाच्या बोलण्यात नसलेले एक हाक मारायचे नाव आणि त्यांच्या मुलीच्या नावातले शेवटचे अक्षर यांच्या जोडणीतून झालेले. भाजणीशी त्याचा संबंध नाही, स्तुती नाही, गाव नाही, देव नाही.

अर्जाची फी व्यक्तीला आणि लघुउद्योगाला एका वर्गामागे ४,५०० रुपये पडते. मोठ्या कंपनीला दुप्पट. वहिनींनी एकाच वर्गात अर्ज केला आहे. दुसऱ्यासाठी दिवाळीची विक्री होऊ द्या, म्हणाल्या. जुन्या पाकिटांवर नव्या नावाची चिकटपट्टी लावून माल जातो आहे, तोही मी सांगितल्याप्रमाणे नोटीस देणाऱ्याच्या वकिलाला लेखी कळवून. नव्या नावापुढे त्यांनी टीएम ही अक्षरे लावली आहेत. गोलातला आर लावायचा मुलाचा हट्ट होता. तो नोंदणी होईपर्यंत लावणे कायद्याच्या विरुद्ध आहे. अर्ज परीक्षकाकडे आहे. त्याची हरकत नसली तर नाव जर्नलमध्ये छापून येईल आणि मग कुणाला विरोध करायचा असल्यास चार महिन्यांची मुदत. नोंद झाली तर ती अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षांची, पुढे वाढवता येणारी. तोवर ते नाव या लेखात छापू नका असे वहिनींनी बजावले आहे.